वेल्डिंगच्या शेजारीच पुन्हा का तुटतं? मोगड्याचा फण, घरचं वेल्डिंग मशीन आणि भंगारातलं कोळपं

तुम्ही जे विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचं उत्तर कशाचं आहे ते स्पष्ट राहील. तुमच्याकडे ४५ एचपीचा ट्रॅक्टर आणि नऊ फणांचा बिनस्प्रिंगचा मोगडा (कल्टिव्हेटर) आहे. जमीन काळी, मधूनमधून मुरमाचे पट्टे. दर उन्हाळ्यात त्यातले ठरावीक दोनच फण तुटतात. वेल्डिंग करून आणलं की पुढच्या पाळीला वेल्डिंगच्या अगदी शेजारी तुटतं. एकदा ट्रकच्या पाट्याचा (स्प्रिंगच्या पट्टीचा) तुकडा ठिगळ म्हणून मारून घेतला, तर त्या ठिगळाच्या टोकाशी तुटलं. आता स्वतःच वेल्डिंग मशीन घ्यावं, फण घरीच जोडावेत आणि जमलं तर भावाच्या छोट्या ट्रॅक्टरमागे चालेल असं सोयाबीनचं कोळपं (ओळींमधलं तण काढायचं अवजार) भंगारातून तयार करावं, असा विचार आहे. मशीन कोणतं, रॉड कोणता, आणि या भानगडीत पडावं का?

पडावं. पण रॉड कोणता हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या नंबरचा आहे. नऊ फण एकाच कारखान्यातले, एकाच लोखंडाचे, एकाच शेतात चालणारे. त्यातले सात टिकतात आणि ठरावीक दोन तुटतात. मग दोष लोखंडात कमी आणि त्या दोन फणांवर येणाऱ्या जास्तीच्या ओझ्यात जास्त. ते ओझं न काढता कितीही चांगलं वेल्डिंग केलं तरी फण पुन्हा तुटणार, फक्त जागा चार बोटं सरकणार.

आता कोणते दोन, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि बरंच काही त्यावर ठरतं. ते दोन ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या बरोबर मागे असतील तर कारण सरळ आहे. चाकाने माती दाबून घट्ट केलेली असते आणि तो फण ती फोडत जातो. अशा वेळी चाकामागचे फण मागच्या रांगेत घेता येतात का ते बघा, म्हणजे पुढच्या रांगेने बाजूची माती आधीच सैल केलेली असते. ते दोन एकाच कडेचे असतील तर मोगडा तिरका चालतोय. आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणचे असतील तर त्यांची टोकं बाकीच्यांपेक्षा खाली आहेत का हे तपासायला हवं.

तपासणी सोपी आहे आणि फुकट आहे. कोब्यावर किंवा डांबरी रस्त्यावर ट्रॅक्टर उभा करा, दोन्ही मागच्या टायरमधली हवा सारखी करून घ्या, टॉप लिंकने फ्रेम पुढे-मागे सपाट करा आणि मोगडा अगदी हळू खाली सोडा. कोणतं टोक आधी टेकतं आणि बाकीची किती वर राहतात ते मोजपट्टीने बघा. एखादं टोक दोन सेंटिमीटर खाली असेल तर तो फण शेतभर बाकीच्यांपेक्षा खोल चालतोय. खोली वाढली की ओढ त्याच प्रमाणात वाढत नाही, त्याहून जास्त वाढते, कारण खालची माती घट्ट असते. मग फ्रेमच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून धरा. पट्टी मध्ये वाकलेली असेल तर दोरी लगेच सांगते. माझ्याकडे तुटका फण घेऊन येणाऱ्यांना मी आधी मोगडाच घेऊन यायला सांगतो. पुष्कळदा फण जोडण्याआधी फ्रेम सरळ करावी लागते किंवा ब्रॅकेटचं झिजून लांबट झालेलं भोक भरून पुन्हा पाडावं लागतं. भोक सैल असलं की फण प्रत्येक ढेकळाला मागे-पुढे आपटतो, आणि त्या आपटण्यानेच बोल्टाच्या भोकाजवळ चीर सुरू होते.

एक गोष्ट ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या हातातली आहे. धुऱ्यावर वळताना मोगडा उचलून वळतात की जमिनीतच ठेवून? फण पुढच्या ओढीसाठी बनवलेला असतो, त्याची पट्टी त्या दिशेला रुंद असते. आडव्या दिशेला ती जाडीभरच असते. उन्हाळ्यातल्या वाळलेल्या काळ्या रानात फण गाडलेले ठेवून वळलं की कडेच्या फणावर आडवा पीळ बसतो. भाड्याने ट्रॅक्टर चालवणारा वेळ वाचवायला हे हमखास करतो. त्याच्याशी बोला.

मुरमाचे पट्टे आणि गाडलेले दगड जास्त असतील तर मात्र मी स्पष्टच सांगेन की बिनस्प्रिंगचा मोगडा तुमच्या रानाचा नाही. स्प्रिंगच्या मोगड्यात दगड लागला की फण मागे झुकतो आणि पुन्हा जागेवर येतो. बिनस्प्रिंगच्या फणाला तशी सोयच नाही. त्याने दगड उपटायचा, नाहीतर स्वतः वाकायचं किंवा तुटायचं. पुढेमागे बदलायची वेळ आली तर हे लक्षात ठेवा.

आता तुटलेला तुकडा हातात घ्या. तुटक्या तोंडावर तेल-पाणी लागायच्या आत, उजेडात बघा. तोंडाचा एक भाग काळपट, गंजलेला, गुळगुळीत असेल, त्यात बारीक कमानीसारख्या रेषा असतील आणि उरलेला भाग ताजा, चकचकीत, खडीसाखरेच्या फुटीसारखा दाणेदार असेल, तर तो फण त्या दिवशी तुटलेला नाही. चीर खूप आधी पडली होती आणि प्रत्येक पाळीला थोडी थोडी पुढे सरकत होती. शेवटी उरलेल्या लोखंडाला ओझं पेललं नाही. रेषा ज्या कोपऱ्याकडे गोळा होतात तिथे चीर जन्मली. तिथे बहुतेक वेळा बोल्टाचं भोक, गॅस कटरने ओबडधोबड कापलेली कड, जुन्या वेल्डिंगचा खड्डा किंवा खोल ओरखडा सापडतो. अख्खं तोंड चकचकीत दाणेदार असेल तर एका झटक्यात तुटलंय, म्हणजे दगड किंवा ठिसूळ झालेलं लोखंड. आणि तोंडाजवळ लोखंड ताणून-वाकून मग तुटलं असेल तर फण नरम होता आणि ओझं खरंच जास्त होतं. या तिन्हींवर उपाय वेगळा आहे, म्हणून तुटलेला तुकडा भंगारात टाकायच्या आधी दोन मिनिटं बघायची सवय लावून घ्या.

तुमच्या वर्णनावरून, म्हणजे वेल्डिंगच्या शेजारीच तुटतं यावरून, मला दुसऱ्या प्रकाराची शंका जास्त येते. फण साध्या अँगल-पट्टीच्या लोखंडाचा नसतो. त्यात कार्बन जास्त असतो, म्हणून तो झिजेला आणि वाकायला दाद देत नाही. खात्री करायची तर ग्राइंडर लावून ठिणग्या बघा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, पिवळसर आणि टोकाला एखादाच फाटा फुटलेल्या असतात. कार्बन जास्त असेल तर ठिणग्या आखूड होतात आणि टोकाला फुलबाजीसारखे दाट फाटे फुटतात. बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) ठिणग्या आणखी आखूड आणि लालसर. शेजारी माहितीचा साधा अँगल आणि ट्रकचा पाटा घेऊन तिन्हींच्या ठिणग्या संध्याकाळच्या उजेडात एकामागोमाग बघितल्या की फरक डोळ्यांत बसतो.

जास्त कार्बनच्या लोखंडावर वेल्डिंग केलं की वेल्डच्या लगतची दोन-चार मिलिमीटरची पट्टी लालबुंद तापते आणि बाजूचं थंडगार जाड लोखंड तिची उष्णता क्षणात ओढून घेतं. लोहार तापलेलं हत्यार पाण्यात बुडवून पाणी देतो, तेच इथे न मागता घडतं. फरक एवढाच की पाणी दिल्यावर लोहार हत्यार पुन्हा थोडं तापवून त्याचा ठिसूळपणा काढतो, आणि वेल्डिंगवाला इथे थांबतो. ती पट्टी कडक आणि ठिसूळ होऊन बसते. कानस घेऊन बघा: वेल्डवर कानस चालेल, लांबच्या लोखंडावर चालेल आणि मधल्या पट्टीवर घसरेल. जिथे घसरते तिथेच तुमचा फण तुटतोय. त्यात गरम फण बादलीत बुडवून थंड करायची सवय असेल, आणि शंभरातल्या नव्वद दुकानांत ती असते, तर मग बोलायलाच नको.

पाट्याच्या ठिगळाचंही असंच. पाटा हा सिलिकॉन-मँगनीजचा स्प्रिंगचा पोलाद, त्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या वर. त्यावर सरळ वेल्डिंग केलं की तोही लगत ठिसूळ होतो, म्हणजे दोन्ही बाजूंना ठिसूळ पट्ट्या. शिवाय ठिगळाने फणाचा तेवढा भाग ताठ झाला. आधी ओझ्याखाली फण लांबीभर थोडा थोडा लवायचा, आता सगळं लवणं ठिगळाच्या टोकाशी गोळा झालं. आणि त्या टोकाला आडवा वेल्ड मारलेला असणार. तुटायला याहून सोयीची जागा नाही. ठिगळ मारायचंच असेल तर साध्या लोखंडाच्या पट्टीचं मारा, दोन्ही टोकं होडीसारखी निमुळती करा, वेल्ड फक्त लांबीच्या दिशेला घाला आणि टोकाला आडवा वेल्ड अजिबात नको.

फण जोडायची माझी पद्धत सांगतो. दोन्ही तुटकी तोंडं ग्राइंडरने दोन्ही बाजूंनी उतरती करायची, म्हणजे जोडल्यावर समोरून आणि मागून अशा दोन व्ही तयार होतात. मध्ये दीड-दोन मिलिमीटरची सपाट कड शिल्लक ठेवायची. जुना वेल्ड सगळा काढायचा, त्याच्यावर नवा चढवायचा नाही. गंज, रंग, ग्रीस नको. मग जोडाच्या दोन्ही बाजूंना वीतभर भाग गॅसने किंवा लोहाराच्या भट्टीत दोनशे ते अडीचशे अंशांपर्यंत तापवायचा. मोजायला काही नसेल तर एक जागा ग्राइंडरने लखलखीत घासून ठेवा. तिच्यावर फिक्कट पिवळी छटा आली की साधारण दोनशेवीस अंश झाले. निळी छटा आली तर तीनशेच्या आसपास गेलात, थोडं थांबा. तापलेल्या लोखंडावर वेल्ड केला की उष्णता हळू उतरते आणि ती ठिसूळ पट्टी तयारच होत नाही किंवा फार कमी होते.

रॉड ७०१८. आपल्याकडे सगळीकडे मिळणारा ६०१३ हा गेट, खिडकी, ट्रॉलीच्या फळ्या, फ्रेम यांच्यासाठी उत्तम आहे, चालवायला सोपा आहे. पण कार्बनच्या लोखंडाला तो टिकत नाही, कारण त्याच्या लेपातून वेल्डमध्ये हायड्रोजन जातो आणि कडक झालेल्या पट्टीत हायड्रोजन शिरला की चीर पडते. ही चीर कधी कधी वेल्ड केल्यानंतर काही तासांनी, अगदी दुसऱ्या दिवशीही पडते. संध्याकाळी ठाकठीक नेलेला फण सकाळी पहिल्याच फेऱ्यात का तुटला, याचं कोडं इथे आहे. ७०१८ हा कमी हायड्रोजनचा रॉड आहे, पण कोरडा असेल तरच. उघडं पाकीट पावसाळाभर गोठ्यात पडलेलं असेल तर त्याचा उपयोग शून्य. दुकानातून घेताना बंद डबा घ्या, उघडल्यावर झाकण घट्ट लागणाऱ्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. दमट झालेले रॉड भट्टीत तीनशे अंशांच्या आसपास तासभर तरी भाजावे लागतात. उन्हात ठेवून भागत नाही.

चाप (रॉडचं टोक आणि लोखंड यांच्यातली ठिणगी) आखूड ठेवा, रॉड धन टोकाला लावा, एका बाजूला एक पट्टा मग दुसऱ्या बाजूला एक असे आलटून-पालटून भरा, प्रत्येक पट्ट्यानंतर मळी पूर्ण झाडा. झालं की फण कोरड्या राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत गाडून रात्रभर सोडा. पाणी नाही, वारा नाही, ओली जमीन नाही. सकाळी वेल्डचा उंचवटा ग्राइंडरने लांबीच्या दिशेने उतरवून गुळगुळीत करा.

एवढं करूनही जोडलेला फण मी नव्यासारखा मानत नाही. पेरणी तोंडावर आहे, दुकान बंद आहे, अशा वेळी हंगाम काढायला तो चालतो. दुसऱ्यांदा त्याच जागी तुटला तर नवा घ्या. बाजारात सुटे फण मिळतात, आणि दिवसभर ट्रॅक्टर उभा राहण्यापेक्षा ते स्वस्त पडतात. जुना ठेवून द्या, पुढे सांगतो तशा कामाला येतो.

आता मशीन. सिंगल फेजचं, इन्व्हर्टर प्रकारचं, २०० अँपिअरचं मशीन शेतकऱ्याला पुरतं. पाटीवर २०० लिहिलंय म्हणून भुलू नका, किती टक्के काळ तेवढा प्रवाह देतं ते विचारा. साठ टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं चाप आणि चार मिनिटं विश्रांती. तुमचं काम बहुतेक २.५ आणि ३.१५ मिलिमीटरच्या रॉडवर होईल. पहिल्याला ६० ते ९० अँपिअर, दुसऱ्याला ९० ते १३०. खरेदीच्या वेळी दुकानदाराला ७०१८चा रॉड लावून दाखवायला सांगा, कारण बऱ्याच हलक्या मशीनवर ६०१३ छान चालतो आणि ७०१८ चिकटत राहतो.

अडचण मशीनपेक्षा विजेची येते. ३.१५च्या रॉडला ११० अँपिअर लावले की हे मशीन घरच्या लाईनवरून साधारण २० अँपिअर ओढतं, आणि व्होल्टेज पडलेलं असेल तर त्याहून जास्त. घरातल्या १५ अँपिअरच्या प्लगला ते सलग झेपणार नाही. २.५चा रॉड त्या प्लगवर बसतो. मोठ्या रॉडसाठी मीटरपासून वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी आणि खरोखर जमिनीत गेलेलं अर्थिंग करून घ्या. बारीक वायरचा लांबलचक एक्स्टेंशन बोर्ड लावून वेल्डिंग केलं की व्होल्टेज तारेतच संपतं आणि चाप नीट लागत नाही. मग माणसं रॉडला दोष देतात.

ट्रॅक्टरला जोडलेल्या अवजारावर वेल्डिंग करू नका. आधी अवजार सोडा. अगदी ट्रॅक्टरवरच काही करायचं असेल तर बॅटरीचं ऋण टोक काढून ठेवा आणि मशीनचा अर्थिंग क्लॅम्प जिथे वेल्ड करताय त्याच तुकड्यावर, जवळ लावा. क्लॅम्प लांब लावला की प्रवाह मधल्या बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर टिपके पडतात. ते बेअरिंग महिन्याभरात आवाज करायला लागतं आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना २०२३पासून धुराचे नवे नियम लागू झाल्यापासून त्यांच्या इंजिनावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असतं. ते नियंत्रण करणारी पेटी वेल्डिंगच्या झटक्याने गेली तर खर्च मोगड्याच्या किमतीत जातो.

घरी काय करू नये हे आता सांगतो, आणि यावर मी तडजोड करत नाही. पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची फिरती ताकद अवजाराला देणारा दांडा) आणि त्याचे क्रॉस, जू. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. जोडलेला, किंचित वाकडा शाफ्ट त्या वेगाने सुटला तर माणूस वाचत नाही. त्यावरचं प्लास्टिकचं आवरण तुटलं असेल तर आधी ते बदला, शाफ्ट नंतर. रोटाव्हेटरची पाती कधीच वेल्ड करू नका. ती पाणी दिलेल्या पोलादाची असतात आणि वेल्डशेजारी तुटलेलं पातं गोळीसारखं मागे येतं. जिथे कंपनीने मुद्दाम नरम बोल्ट दिलाय, की दगड लागला तर आधी तो तुटावा, तिथे ८.८ किंवा १०.९ छापलेला कडक बोल्ट घालू नका. मग बोल्ट वाचतो आणि गिअर जातो. ट्रॉलीचा हूक, ब्रेकची दांडी, स्टिअरिंगचे जोड, लिफ्टचे हात हे नवेच घ्या. टायर बसवलेल्या रिमवर वेल्ड नको, हवा काढली तरी नको. आतलं रबर तापून वायू सोडतं आणि टायर फुटतो. डिझेलची टाकी, तेलाचा किंवा औषधाचा बॅरल कापायला घेऊ नका.

मळणी यंत्राबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण हात गेलेली माणसं मी पाहिलेली आहेत. पेंढी टाकायचं तोंड लवकर भरता यावं म्हणून कापून आखूड करून द्या, असं सांगत लोक माझ्याकडे येतात. मी ते काम करत नाही. ते तोंड किमान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातलं आतलं ४५ सेंटिमीटर वरून झाकलेलं असावं हे मानक उगाच आलेलं नाही. माणसाचा हात ड्रमपर्यंत पोचू नये, एवढाच त्या मापांचा हिशेब आहे. अशा यंत्रांसाठी १९८३चा धोकादायक यंत्रांचा कायदाही आहे. कुणाच्या यंत्राचं तोंड कापलेलं दिसलं तर ते परत लांब करून देणं हे घरच्या मशीनवर करता येण्यासारखं सगळ्यात मोलाचं काम आहे.

आता कोळपं. इथे घरची कारागिरी खरोखर चालते, कारण वेग कमी, ओझं कमी, आणि तुमच्या ओळींचं माप कारखान्याला माहीत नसतं, तुम्हाला असतं. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगाणींनी १९९४मध्ये बुलेट मोटारसायकलचं मागचं चाक काढून तिथे दोन चाकांचं औत जोडलं, ती बुलेट सांती आज सगळीकडे माहीत आहे. ती चालली कारण ती त्यांच्या भागातल्या ओळींच्या मापावरून आणि बैल ठेवणं परवडत नसलेल्या शेतकऱ्याच्या गरजेवरून निघाली होती.

म्हणून सुरुवात ओळींपासून. सोयाबीन ४५ सेंटिमीटरवर असेल तर छोट्या ट्रॅक्टरच्या दोन्ही मागच्या चाकांच्या मधोमधचं अंतर ९० सेंटिमीटर असायला हवं. मग ट्रॅक्टर दोन ओळींवरून जातो आणि दोन्ही चाकं ओळींच्या बाहेरच्या दोन मोकळ्या पट्ट्यांच्या मध्यातून चालतात. ट्रॅक्टरचं अंतर तेवढं करता येत नसेल तर कोळपं करायच्या आधी पेरणीचं अंतर बदलायचा विचार करा. तीन पासा (तण कापणारी आडवी पाती) लागतील: एक मध्यावर, दोन चाकांमागे. पास ३० सेंटिमीटर रुंद ठेवली की दोन्ही बाजूंना साडेसात सेंटिमीटर रोप सुरक्षित राहतं. पहिल्या कोळपणीला रोप लहान आणि चालवणाऱ्याचा हात नवा असेल तर २५ची ठेवा.

जोडओळ विसरू नका. पेरणी यंत्राच्या एका फेऱ्यातल्या ओळी समांतर असतात, पण एका फेऱ्याची शेवटची ओळ आणि पुढच्या फेऱ्याची पहिली ओळ यांच्यातलं अंतर पेरणाऱ्याच्या हातावर असतं. कुठे ४०, कुठे ५०. त्या पट्ट्यात जाणारी पास बोल्ट सैल करून उचलून बांधता येईल अशी ठेवा, नाहीतर दरवेळी दोन ओळी कापून याल आणि कोळप्याला नावं ठेवाल.

दांडीला ६५ × ६५ × ६ चे दोन अँगल तोंडाला तोंड लावून चौकोनी पेटी करा. एकाच अँगलची दांडी पीळ खाते. दांडी जमिनीपासून हातभर उंच, ४५ ते ५० सेंटिमीटर, म्हणजे पीक खालून निघतं. पासांचे उभे दांडे दांडीवर यू-बोल्टने आवळा, वेल्ड करू नका, पुढच्या वर्षी अंतर बदलावं लागतंच. इथे तुमचे जुने मोगड्याचे फण तुटका भाग कापून वापरता येतात. ट्रॅक्टरला जोडायची तीन टोकं मात्र मनाने ठरवू नका. त्या ट्रॅक्टरमागे नीट चालणारं एखादं अवजार शेजारी ठेवून पिनांचं आपसातलं अंतर आणि उंची उतरवून घ्या. खालच्या पिना लहान ट्रॅक्टरला साधारण २२ मिलिमीटरच्या, मोठ्याला २८च्या असतात. २२ची पिन २८च्या भोकात घालून वायसर भरलेली मी पाहिलीय. ते भोक हंगामात अंडाकृती होतं.

जोडताना आधी फक्त टाके मारा. पिना जागेवर घालून, दोन्ही कर्ण मोजून, ट्रॅक्टरला एकदा लावून बघा, आणि मगच पूर्ण वेल्ड करा. एका बाजूला सलग वेल्ड केलं की दांडी त्या बाजूला ओढली जाते, म्हणून इथे चार बोटं, मग समोरच्या टोकाला चार बोटं. या फ्रेमला ६०१३ पुरतो.

पासेला मात्र ट्रकचा जुना पाटा सगळ्यात चांगला, आणि हे काम मी तुम्हाला गावातल्या लोहाराकडे न्यायला सांगेन. पाट्याचा ताव, फाळ शेवटणं (ठोकून पुन्हा धार काढणं), धारेला पाणी देणं यातलं त्याला जे कळतं ते आम्हा वेल्डिंगवाल्यांना कळत नाही. बहुतेक गावांत त्याचा भाता अजून आहे पण त्याच्याकडे जाणारं कुणी नाही. पाटा लाल करून राखेत गाडून रात्रभर सोडला की नरम होतो, मग त्याला ड्रिलने भोकं पडतात. आकार दिल्यावर धारेचा भाग पुन्हा चेरीसारखा लाल करायचा. चुंबक चिकटायचा थांबला की अजून थोडं, आणि मग तेलात बुडवायचं. पाण्यात नको, या पोलादाला पाण्यात तडे जातात. जळकं इंजिन ऑइल चालतं, पण भांडं लोखंडी आणि झाकण हाताशी, कारण वर ज्वाळा येते. नंतर घासून निळी छटा येईपर्यंत परत तापवलं की धार तुटत नाही. पास उभ्या दांड्याला बोल्टनेच बसवा. इतकं करून ती वेल्ड केली तर सगळं पाणी उतरलं.

वेल्डिंगची काच दहा किंवा अकरा नंबरची, अंगात सुती कपडे, पायात बूट, ग्राइंडरचं गार्ड जागेवर. जस्ताचा मुलामा असलेला पाइप वेल्ड करायचा असेल तर मुलामा आधी घासून काढा आणि उघड्यावर करा, त्या पांढऱ्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. लहान मुलं चाप बघायला उभी राहतात. त्यांना घरात पाठवून मगच रॉड लावा, त्यांचे डोळे रात्रभर चुरचुरतात आणि ती सांगत नाहीत. लिफ्टवर उचललेल्या अवजाराखाली टेकू लावल्याशिवाय हात घालू नका.

कोळपं तयार झालं की पहिल्यांदा पीक नसलेल्या रानात, वाफसा असताना, पहिल्या गिअरमध्ये दहा-पंधरा पावलं चालवा आणि थांबा. सगळे यू-बोल्ट पुन्हा आवळा, पहिल्या वेळी ते हमखास सैल होतात. मागे पडलेल्या तीन पट्ट्यांची खोली बोटाने तपासा. बाहेरच्या दोन पासा चाकाच्या दाबलेल्या मातीत चालतात, त्यामुळे त्या वर येतात आणि मधली खोल जाते. बाहेरच्या दोन एक बोट खाली सरकवल्या की तिन्ही सारख्या चालतात. मग सोयाबीनमध्ये घाला.